कचकड्याची नखी

माझ्या लग्नात माहेराहून आलेल्या सामानात एक गिटार होती, ही गोष्ट लोहाऱ्यात पहिले आठ महिने तिघांनाच ठाऊक होती. मला, माझ्या नवऱ्याला आणि उमरग्याहून आम्हाला घेऊन आलेल्या गाडीवानाला. सतरंजीत गुंडाळलेलं ते बोचकं रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला आतून गुणगुणायचं. गाडीवान दोनदा मागं वळला आणि शेवटी न राहवून म्हणाला, "बाई, आत काय जिवंत हाय का?"

नवरा हसला. मला हसायचं धाडस झालं नाही. लग्नाला चार दिवस झाले होते.

माझे वडील सिकंदराबादला रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. आमच्या शेजारी एक ख्रिस्ती शिक्षिका एकट्या राहायच्या. सगळी आळी त्यांना मिस म्हणायची. संध्याकाळी त्या व्हरांड्यात गिटार घेऊन बसायच्या आणि मी आमच्या बाजूच्या कठड्याला टेकून ऐकायची. चौदाव्या वर्षी त्यांनी मला आत बोलावलं आणि पुढची चार वर्षं शिकवलं. पोलीस अॅक्शन होऊन गेली, राज्य बदललं, शाळांची भाषा बदलली. मिस बंगलोरला बहिणीकडं जायला निघाल्या तेव्हा जुनी गिटार मला देऊन गेल्या. सोबत खोकल्याच्या गोळ्यांची एक पत्र्याची डबी दिली. डबीत तीन पिक होते, म्हणजे तारा छेडायच्या बदामी आकाराच्या चकत्या. एक पातळ, एक मध्यम, एक जाड. "झनकार के वास्ते पतला ले, बेटा," त्या दरवेळी सांगायच्या, "और हात ढीला छोड." सगळ्या तारांवरून एकदम हात फिरवायचा असेल तर पिक पातळ हवा, तारांबरोबर वाकणारा, हा त्यांचा नियम. जाड पिक एकेक तार वाजवणाऱ्यांसाठी. मी तो नियम पाठ केला होता.

ती डबी उमरग्याला हरवली. मोटारीच्या टपावरून सामान उतरवताना पिशवी उलटी झाली, एवढं मला आठवतं. तिसऱ्या दिवशी लोहाऱ्यात पिशवी उपसली तेव्हा कुंकवाचा करंडा होता, आरसा होता, डबी नव्हती.

सासर लिंगायत, कापडाचं दुकान. घरात माणसं तीन: मी, नवरा आणि त्यांची आई. तिला सगळे अव्वा म्हणायचे, मीही म्हणू लागले. अव्वा उंच होती, पाठ ताठ, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. पहाटे इष्टलिंगाची पूजा झाली की तिचं काम सुरू व्हायचं आणि काम सुरू झालं की बोलणं बंद. ती माझ्याशी बोलायची नाही. मी काही विचारलं तर तोंडाकडं टक लावून बघायची आणि भलतंच उत्तर द्यायची. "अव्वा, भाकरी किती करू?" विचारलं, तर म्हणायची, "पाणी भरून ठिवलंय." मी रात्रंदिवस विचार करायचे, माझं काय चुकतंय?

महिन्याभरानं नवऱ्यानं सांगितलं. लग्नाआधी तीन वर्षं अव्वाला मुदतीचा ताप आला होता. ताप उतरला, पण कानावर जाऊन उतरला. जातं, गाडीची चाकं, पुरुषांचा जाड आवाज तिला ऐकू यायचा. बायकांचे आवाज यायचे नाहीत. आणि माझा आवाज तर असा बारीक, की शाळेत हजेरी देताना बाई दोनदा नाव घ्यायच्या.

"तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"तिला आवडत नाही सांगितलेलं," ते म्हणाले. "कुणाला कळू नये म्हणून ती गप बसते."

मग मी तिच्यासमोर जाऊन, ओठ नीट हलवून, मोठ्यानं बोलू लागले. ते तिला मुळीच आवडलं नाही. "वरडू नको," म्हणायची आणि तोंड फिरवायची. मग पुन्हा दोघी गप्प. गिटार मागच्या खोलीत, धान्याच्या कणगीमागं तशीच पडून होती.

नवरात्राआधी घर धुऊन काढायची रीत होती. गोधड्या, सतरंज्या, पोती सगळं उन्हात पडायचं. मी विहिरीवर गोधड्या बडवत होते तेवढ्यात अव्वानं कणगीमागची सतरंजी ओढली. मी ओले पाय घेऊन आत आले तेव्हा ती जमिनीवर बसली होती आणि गिटार तिच्या मांडीवर आडवी होती. ती बोटाच्या पेरानं लाकडावर ठोकत होती, माठ घेताना ठोकतात तसं.

"आवाज हाय की ह्याला," ती म्हणाली. "कुणाचं?"

मी स्वतःकडं बोट केलं.

"वाजीव."

तारा उतरल्या होत्या. मी त्या घाईघाईनं पिळल्या आणि अंगठ्याच्या नखानं छेडल्या. नख तरी कुठलं, शेणानं सारवून आणि राखेनं भांडी घासून झिजलेलं. तरी खोलीत आवाज भरला. आठ महिन्यांनी ऐकला होता, माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

अव्वा वाट बघत होती. "वाजीव की."

"वाजवतेय, अव्वा."

ती पुढं वाकली. कान अगदी तारांजवळ आणला. मी पुन्हा छेडलं. तिच्या चेहऱ्यावर काही हाललं नाही. ती माझ्या बोटांकडं बघत राहिली, मग तारांकडं, आणि मग तिला कळलं की मी वाजवते आहे. ती उठली, सतरंजी झटकली आणि बाहेर दोरीवर टाकायला गेली. ओरडली असती, हे असलं खूळ घरात नको म्हणाली असती, तर मला बरं वाटलं असतं.

त्या संध्याकाळी मी नवऱ्याला म्हणाले, मला एक पिक आणून द्या. बोटापेक्षा पिकाचा आवाज मोठा येतो. अव्वाला ऐकू येईल.

ते महिन्यातून एकदा माल भरायला सोलापूरला जायचे. मी कागदावर चित्र काढून दिलं. तिथल्या वाद्यांच्या दुकानदारानं चित्र बघितलं, मान डोलावली आणि बोटात घालायची तारेची मिजराब दिली, सतारवाले घालतात ती. नवऱ्यानं मोठ्या कौतुकानं माझ्या पुढ्यात ठेवली. मी ती बोटात घालून हात फिरवला आणि पहिल्याच फेरीत ती दोन तारांमध्ये अडकली. आम्ही दोघं ती सोडवत बसलो. "तो म्हणाला ही सगळ्याला चालते," ते ओशाळून म्हणाले.

मग आमच्या घरात एक शोध सुरू झाला, आणि तो चार-पाच महिने चालला.

घरासमोरच असलेल्या आमच्या दुकानाच्या ओट्यावर एक शिंपी मशीन घेऊन बसायचा. शर्टाच्या कॉलरीत घालायच्या पातळ पट्ट्या त्याच्याकडं असत. मिसचा पातळ पिक जवळपास तेवढ्याच जाडीचा होता, म्हणून मला त्या पट्ट्या बघून आनंद झाला. एक पट्टी कापून गोल केली आणि वाजवली. झकास झंकार उठला, अगदी मिसच्या व्हरांड्यातला. अव्वा उंबऱ्यात ज्वारी पाखडत होती. तिनं मान वर केली नाही. मी जवळ गेले, जोरात वाजवलं. ती म्हणाली, "माशी हाय का गं हितं?"

मला वाटलं, आवाज अजून तीक्ष्ण हवा. नवे पैसे नुकतेच चालू झाले होते आणि जुने आणे गल्ल्यात पडून असायचे. त्यातला एक कंगोऱ्याचा आणा घेतला. तो तारांवरून फिरवला तेव्हा माझेच दात आंबले, शिंप्यानं मशीन थांबवलं आणि सगळ्यांत बारीक तार तुटून माझ्या मनगटाला लागली. अव्वाला त्यातलं काहीही ऐकू आलं नव्हतं. तिला फक्त तार उडालेली दिसली. ती धावत आली, माझं मनगट हातात घेतलं, हळद दाबली. तेवढा वेळ आम्ही दोघी एकमेकींच्या इतक्या जवळ पहिल्यांदाच बसलो होतो.

"कशापायी करतीस हे?" तिनं विचारलं.

मी उत्तर देताना ओरडले नाही. का कोण जाणे, आवाज खाली नेला, छातीतून काढला, जवळजवळ पुरुषासारखा. "तुम्हाला ऐकू यावं म्हणून."

तिनं ते ऐकलं. पहिल्याच खेपेला. आणि दुसऱ्या दिवशी नारळ फोडला तेव्हा करवंटीचा एक तुकडा माझ्यापुढं ठेवून म्हणाली, "ह्यानं बघ."

करवंटी सहाणेवर घासून घासून मी तिची चकती केली. जाडजूड, ओबडधोबड. मिसनं बघितली असती तर कपाळाला हात लावला असता. तारांवर तिचा आवाज भसाडा यायचा, सगळी चमक गेलेली, जाड सुतळी छेडल्यासारखा. मी कंटाळून दोनतीनदा हात मारला आणि ठेवणार, तेवढ्यात अव्वा चुलीपासून म्हणाली, "आत्ता आलं."

"काय?"

"आवाज आला गं! घूं करून."

मी पुन्हा वाजवलं. तिनं डोळे मिटले. पुन्हा. तिनं मान हलवली, हो हो अशी.

माझं सगळंच उलटं चाललं होतं, हे तेव्हा डोक्यात शिरलं. तिच्या कानात बारीक, चमकदार आवाज शिरतच नव्हता. जातं ऐकू यायचं, चाक ऐकू यायचं. तिला खालचा, भरलेला आवाज हवा होता. त्यासाठी पिक जाड आणि कडेला गोल हवा. मिसचा नियम सिकंदराबादला बरोबर होता. इथं ऐकणारं माणूस वेगळं होतं.

पण करवंटी टिकेना. तिचा भुसा तारांवर सांडायचा, कड झिजून खरखरीत व्हायची. आठवड्याच्या बाजारात एक फणीवाला यायचा. त्याच्याकडून शिंगाची फणी घेतली, तिचा मधला भाग कापून घासला. आवाज सुरेख आला, उबदार. आठ दिवसांत पापुद्रा सुटून तिचे दोन तुकडे झाले. दुसरी केली, तीही गेली. घरात आता त्या चकतीला 'नखी' म्हणायचे. गिऱ्हाईक बायकासुद्धा दुकानातून विचारू लागल्या होत्या, "सापडली का वो नखी?" इतकी ती गोष्ट गावभर झाली होती.

एका दुपारी नवरा जेवायला आला तो हातात कंपासपेटी घेऊन. पत्र्याची, कोपरे गंजलेले. ती दुकानात गादीखालच्या खणात असायची, मी एकदोनदा बघितली होती, कधी विचारलं नव्हतं. मॅट्रिकनंतर ते ओव्हरसियरच्या कोर्सला हैदराबादला गेले होते. एक वर्ष झालं आणि सासरे वारले. दुकान चालवायला दुसरं कुणी नव्हतं. ते परत आले, हे मला माहीत होतं. पेटी जपून ठेवली आहे हे माहीत नव्हतं.

त्यांनी पेटी उघडली आणि आतला गुण्या काढला. चित्रकलेच्या तासाला वापरतात तो त्रिकोण, पिवळसर, आरपार दिसणारा. "कचकड्याचा आहे," ते म्हणाले. "जाडी बघ. पापुद्रे नाहीत, काही नाही."

मी हातात घेतला. कोपऱ्यावर सुईनं त्यांचं नाव कोरलं होतं. मी तो परत त्यांच्या हातात दिला. "नको. हा राहू द्या."

"कशाला?"

"तुमचा आहे."

"आता मी कुठं पूल बांधायला निघालोय?" ते हसले, पण हसणं पुरं झालं नाही. मग त्यांनी स्वतःच तो गुडघ्यावर ठेवून मोडायला घेतला. मी हात धरला, कारण तसा मोडला असता तर त्याच्या ठिकऱ्या झाल्या असत्या. कचकडं तापलं की मऊ होतं, हे शिंप्याला माहीत होतं. आम्ही गरम पाण्याच्या तपेलीत गुण्या बुडवला आणि शिंप्यानं त्याच्या मोठ्या कात्रीनं तीन तुकडे कापले. वाफेबरोबर कापराचा वास सुटला. अव्वा परसातून आत आली आणि म्हणाली, "आत्ता कसली पूजा मांडली रे?"

सगळे हसलो. तपेलीभोवती तिघंजण बसलेलो बघून तीही हसली. तिला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. वरचा एक दात पडलेला होता.

नावाचा कोपरा शिंप्यानं कापून बाजूला ठेवला होता. तो नवऱ्यानं पुन्हा पेटीत टाकला.

तीन नख्या केल्या. एक बदामी, मिसच्या पिकासारखी. दुसरी तशीच, पण सहाणेवर घासून पातळ केलेली. तिसरी रुपयासारखी गोल आणि पूर्ण जाडीची. कडा राखेनं आणि जुन्या धोतराच्या तुकड्यानं घासून इतक्या गुळगुळीत केल्या की जिभेला लावल्या तरी कळू नयेत. मग अव्वाला भिंतीकडं तोंड करून बसवलं, म्हणजे माझा हात दिसायला नको. ऐकू आलं की बोट वर करायचं. तिला हा खेळ फार आवडला. पातळ नखीला बोट उठलं नाही. बदामी जाड नखीला उठलं, पण शंका घेत घेत. गोल नखी फिरवली आणि बोटाऐवजी तिनं पूर्ण हातच वर केला.

"हीच," ती म्हणाली. "हीच ठिव. बाकीच्या फेकून दे."

नखी मिळाली, वाजवणं मात्र माझं मला नव्यानं शिकावं लागलं. जाड नखी तारांबरोबर वाकत नाही. तारांना अडकते, हाताला हिसका बसतो. पहिले आठ दिवस मनगट सुजलं. हळूहळू युक्ती सापडली. नखी चिमटीत अगदी सैल धरायची, दोन बोटांतून तांदळाच्या दाण्याएवढीच बाहेर ठेवायची आणि जरा तिरपी करून तारांवरून घसरू द्यायची. मिस म्हणायच्या ते ढील्या हाताचं मात्र खरं होतं, पिक पातळ असो की जाड.

रोज दुपारी भांडी आटोपली की मी बसायची आणि अव्वा समोर वाती वळायची. एक दिवस ती गुणगुणायला लागली. कानडी होतं काहीतरी, मला नीट कळलं नाही. मी वाजवणं थांबवलं तशी तीही थांबली. "थांबू नको," म्हणाली. मी तिचा सूर शोधला, तीन जागा सापडल्या, त्या तीन जागांवर तिचं सगळं गाणं बसलं. तिचा आवाज रुंद होता, थोडा घोगरा. त्या घरात असा आवाज आहे, याचा मला वर्षभर पत्ता नव्हता.

शेजारच्या काकूंनी मला नंतर बाजूला घेऊन सांगितलं. तापाच्या आधी अव्वाशिवाय गावात डोहाळजेवण व्हायचं नाही. मराठी गाणी, कानडी गाणी, तिला शेकड्यानं पाठ. तापानंतरच्या वर्षी एका घरी ती गायला बसली. बाकीच्या बायका कुठं आहेत हे तिला ऐकू येत नव्हतं. ती एकटीच पुढं निघून गेली, बायका मागं राहिल्या. दोघीतिघी फिसकन हसल्या. अव्वानं त्यांचे चेहरे बघितले, उठली, ओटी न घेताच घरी आली. "तवापासून तोंड उघडलं न्हाय तिनं," काकू म्हणाल्या.

मला दिवस गेले होते. सातव्या महिन्यात माझं डोहाळजेवण ठरलं. गाणी कोण म्हणणार, हा प्रश्न कुणी अव्वाला विचारला नाही. मीच विचारलं, खाली नेलेल्या त्या माझ्या जाड आवाजात. "अव्वा, तुम्ही गाणार ना?"

"येडी हायस का?"

"मी वाजवते. तुम्ही माझ्या हाताकडं बघा."

"पोटुशी बाई वाजवीत बसती का? लोक काय म्हणतील?"

"मला डोहाळे लागलेत," मी म्हणाले. "हेच लागलेत."

डोहाळे नाही म्हणायचे नाहीत, ही रीत तिनंच मला शिकवली होती. ती चिडली, पुटपुटली आणि तयार झाली.

त्या दुपारी घरात चाळीसेक बायका होत्या आणि चुलीवर हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर. मी हिरव्या लुगड्यात, हातभर हिरव्या बांगड्या, डोक्यावर, दंडावर, कमरेला फुलं, आणि पोटाच्या वर कशीबशी टेकवलेली गिटार. बायका तोंडाला पदर लावून बघत होत्या. तीन वर्षांपूर्वी हसलेल्या दोघी समोरच बसल्या होत्या, काकूंनी मला डोळ्यांनी दाखवल्या. अव्वा माझ्या उजव्या बाजूला, गुडघ्याला गुडघा लावून.

मी सुरुवात केली. बांगड्या तारांवर आपटू नयेत म्हणून मनगट उचलून धरलं होतं. एक फेरी, दोन फेऱ्या. तिसऱ्या फेरीला ती गाणं उठवणार हे ठरलं होतं. तिनं उठवलं नाही. चौथीला मी तिच्याकडं बघितलं. पाचवीला ती गायला लागली.

पहिलं कडवं संपेपर्यंत कुणी हाललं नाही. दुसऱ्या कडव्याला बायकांनी मागं म्हणायला सुरुवात केली आणि मी हात जरा जोरात फिरवला, म्हणजे त्या गलक्यातही तिला मी सापडावी. त्याच जोरात माझ्या घामेजल्या चिमटीतून नखी सुटली. ती तारांखालच्या गोल भोकातून थेट गिटारीच्या पोटात गेली. आत टिक्क वाजलं, ते फक्त मला ऐकू आलं.

मी अंगठ्यानं वाजवू लागले. अंगठ्याचा आवाज तिला येत नाही, हे मला माहीत होतं. तिनंही माझ्या हाताकडं बघितलं, रिकामी चिमटी बघितली. तिचा आवाज एक क्षण डगमगला. ती पुढं जाईल, बायका मागं राहतील, सगळं पुन्हा तसंच होईल, अशी मला भीती वाटली. मग तिनं डावा हात उचलला आणि पंजा उघडून गिटारीच्या बाजूच्या लाकडावर ठेवला. लाकूड थरथरत होतं, तेवढं तिला पुरलं. ती गात राहिली. एके ठिकाणी तिची थोडी घाई झाली तेव्हा मीच हात पुढं नेला आणि बायका माझ्यामागं आल्या. चारही कडवी झाली. शेवटी तिनं हात उचलला तेव्हा लाकडावर घामाचा पंजा उमटला होता.

हसलेल्या दोघींतली एक उठून आली आणि अव्वाच्या पाया पडली. अव्वानं तिला उठवलं आणि खड्या आवाजात म्हणाली, "हुग्गी जास्ती वाढा गं हिला, वाळून गेलीय."

संध्याकाळी बायका गेल्यावर नवऱ्यानं गिटार उलटी धरून हलवली. नखी भोकातून बाहेर पडायला चांगला अर्धा तास गेला. तिच्याबरोबर एक फूल आणि गव्हाचे चार दाणे पडले. ओटी भरताना उडाले असावेत.

मला मुलगी झाली. पुढच्या वर्षभरात आजूबाजूच्या गावांतून बोलावणी येऊ लागली. पहिलं सास्तूरचं होतं. ते घर आता नाही, त्र्याण्णवच्या भूकंपात ती सगळी गल्लीच गेली. पण तेव्हा तिथं मोठं अंगण होतं आणि आम्ही बैलगाडीतून उतरलो तशा पन्नासेक बायका आधीच येऊन बसल्या होत्या. एका म्हातारीनं गिटारीला हात लावून विचारलं, "ही कसली वीणा म्हणायची?"

अव्वाला प्रश्न ऐकू आला नव्हता, पण बोटावरून कळला. "ही आमच्या सुनंची," एवढंच ती म्हणाली आणि चप्पल काढून आत गेली.

पाच-सहा वर्षं आम्ही अशा फिरलो. लोहारा, सास्तूर, उमरग्याच्या बाजूची खेडी, एकदा पार ईटपर्यंत, एसटीनं, मांडीवर पोरगी आणि दोघींच्या मध्ये गिटार. नवरा दुकान बंद करून स्टँडवर घ्यायला यायचा आणि पहिला प्रश्न विचारायचा, "नखी आणलीस ना परत?" अव्वाचा कान दर वर्षी थोडा थोडा मिटत गेला. नखीचा आवाज आधी लांबून येईना, मग जवळूनही येईना. ती गाताना पंजा लाकडावरून उचलेनाशी झाली. पुढं पुढं तिच्या पंजाचा ठेका आणि मी त्याच्यामागं, असं होऊ लागलं. माझ्याशिवाय कुणाला फरक कळला नसावा.

धाकटीच्या जन्मानंतरच्या उन्हाळ्यात शेजारच्या वाडीहून बोलावणं आलं. मी लुगडं बदलून तयार झाले, गिटारीला कापड बांधलं. अव्वा चुलीपाशी बसून राहिली.

"चला ना, गाडी आलीय."

"तू जा," ती म्हणाली. "मला आता लाकूडबी नीट कळंना. साकु."

साकु म्हणजे पुरे. कानडीत ती हा शब्द फक्त जेवताना वापरायची, पानावर हात आडवा धरून. मी खाली बसले. म्हणाले, मग मीही जात नाही. तिनं माझ्या ओठांकडं बघितलं आणि डोळे वटारले.

"बाई सातव्या महिन्याची बसलीय सजून. तिची वाट बघायला लावतीस? गाणी येत्यात की तुला सगळी. जा."

मी गेले. आयुष्यात पहिल्यांदा चारचौघींत एकटी गायले, त्या खाली नेलेल्या आवाजात, कारण तोपर्यंत माझा तोच आवाज झाला होता. काय गायले, कसं झालं, फारसं आठवत नाही. एका कडव्याचे शब्द चुकले एवढं आठवतं.

परत आले तेव्हा दिवेलागण झाली होती. अव्वा ओट्यावर वाट बघत होती. मी पायांवर पाणी घेईपर्यंतही तिला दम निघाला नाही. कोण कोण आलं होतं? पोरीचं माहेर कुठलं? फुलं मोगऱ्याची होती का जाईची? हुग्गी घट्ट होती का पातळ? मी तिच्या शेजारी टेकले, तोंड तिच्या कानापाशी नेलं आणि सांगायला लागले. तिला ऐकू जावं म्हणून इतक्या जाड आणि मोठ्या आवाजात, की समोरच्या ओट्यावरचा शिंपी काम थांबवून ऐकायला लागला आणि शेजारच्या काकू भिंतीपलीकडून मध्येच विचारायला लागल्या, "आणि पोरीची सासू कशी हाय?"

"काय म्हणतीया ती?" अव्वानं विचारलं.

मी सांगितलं. अव्वानं काकूंना उत्तर म्हणून भिंतीकडं हात उडवला आणि माझा गुडघा दाबला. "पुढं सांग," म्हणाली.